गेलेली पाने

1994 च्या ऑक्टोबर महिन्यात मी पहिल्यांदा अमेरिकेला गेलो. त्या वेळी मी बँकेत अधिकारी होतो आणि माझी साठलेली रजा वाया जाण्याच्या बेतात होती. थोरला भाऊ, आमचा दादा, 1972 पासून न्यू जर्सीत इंजिनिअर म्हणून नोकरी करत होता. त्यानेच तिकीट पाठवले. त्याने न्यूयॉर्क दाखवले, नायगारा दाखवला, आणि पहिल्याच शुक्रवारी रात्री जेवणे आटोपल्यावर म्हणाला, "चल खाली तळघरात. आज आमचा पत्त्यांचा अड्डा आहे."

मी आधी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे आठी दिसली नाही, तेव्हा जरा धीर आला. आमच्या साताऱ्याच्या घरात पत्ते म्हणजे मे महिन्यातली दुपार, माजघरातली सतरंजी आणि मेंढीकोट, झब्बू, नॉट-अॅट-होम. पैसे लावून खेळायचे ते फक्त दिवाळीत, तीन पत्ती, आणि तेही वडील झोपल्याची खात्री करून. दादाच्या तळघरात मात्र टेबल टेनिसच्या टेबलावर हिरवे कापड अंथरले होते. भोवती सहा खुर्च्या. दादाच्या कंपनीतले दोघे, निवृत्त झालेला एक आयरिश वंशाचा पोस्टमन, एक इटालियन वंशाचा प्लंबर आणि औषधाच्या दुकानात काम करणारा एक गुजराती गृहस्थ. प्रत्येकापुढे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाच, दहा आणि पंचवीस सेंटांची नाणी. रात्रभर खेळून सगळ्यात जास्त हरलेल्या माणसाचे नुकसान एका पिझ्झाच्या किमतीच्या आतच असे. मी एका बाजूला स्टूल घेऊन बसलो.

त्या खेळाचे नाव सेव्हन कार्ड स्टड. आज त्या खेळाबद्दल लिहायला बसलो आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत, तीन वाऱ्यांमध्ये, तो अमेरिकेच्या टेबलांवरून जवळजवळ पुसला गेला. आणि तो वाईट होता म्हणून गेला, असे मला अजूनही वाटत नाही.

खेळ सोपा आहे. पोकरचाच हा एक प्रकार. तीन पत्तीत आपण जसा बूट ठेवतो तसा प्रत्येकाने आधी थोडा पैसा मध्ये टाकायचा. मग प्रत्येकाला दोन पाने झाकून आणि एक पान उघडे मिळते. ज्याचे उघडे पान सर्वांत लहान, त्याने पहिली चाल करायची. त्यानंतर एकेक करून आणखी तीन पाने उघडी येतात आणि प्रत्येक पानानंतर चाली होतात. शेवटचे सातवे पान पुन्हा झाकलेले. म्हणजे तीन पाने झाकली, चार पाने उघडी. सातांतली उत्तम पाच निवडून ज्याचा संच वरचढ, त्याचा डाव. ज्याला नको असेल त्याने मध्येच पॅक व्हायचे आणि आपली पाने उपडी करून सारून द्यायची.

खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. समजा, माझ्याकडे बदामाची चार पाने जमली आहेत. पाचवे आले की माझा कलर होतो. कॅटमध्ये बदामाची पाने तेरा, म्हणजे नऊ अजून बाकी. कुणालाही वाटेल, भरपूर आहेत. पण समोरच्या मंडळींच्या उघड्या पानांमध्ये पाच बदाम येऊन गेली असतील, तर उरली फक्त चार. ती पाने ज्यांच्याकडे आली होती ते लोक पॅक झालेले असतात. पाने आता उपडी होऊन ढिगात गेलेली असतात. टेबलावर त्यांची काही खूण नसते. ती ज्याच्या डोक्यात राहिली, त्यालाच आपली खरी परिस्थिती ठाऊक.

त्या रात्री दोन डाव मी आपलीच पाने कौतुकाने न्याहाळत घालवले. दादा हळूच मराठीत म्हणाला, "तुझी पानं कुठं पळून जात नाहीत. ती नंतर बघ. आधी कुणाचं काय गेलं ते बघ."

ते वाक्य मला लगेच कळले, कारण मी बँकेत तेच शिकलो होतो. 1981 मध्ये मी लिपिक म्हणून लागलो तेव्हा बचत खात्याच्या जाडजूड लेजरवर मला बसवले होते. वर्षभरात असे झाले की, काउंटरवर चेहरा दिसला की खाते क्रमांक आठवायचा, शिल्लक आठवायची, सहीच्या शेवटी मारलेला फराटाही आठवायचा. ही काही विद्वत्ता नव्हे. रोज समोरून जाणाऱ्या गोष्टींकडे नीट पाहिले की त्या आपोआप राहतात. त्या शुक्रवारी मी शेवटी दोन डॉलर चाळीस सेंट जिंकून वर आलो, आणि प्लंबरने दादाला बजावले की, पुढच्या खेपेला या बँकवाल्याला आणणार असशील तर आधी सांग.

त्या काळात हा खेळ काही माझ्या दादाच्या तळघरापुरता नव्हता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोकर म्हणजे स्टड, असेच समीकरण होते. अॅटलांटिक सिटीच्या कॅसिनोंमध्ये पोकरला 1993 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या टेबलांवर मुख्यतः स्टडच मांडला गेला. घराघरांत तर तो त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. टेनेसी विल्यम्सचे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे नाटक 1947 चे. त्याच्या अगदी शेवटच्या वाक्यात याच खेळाचे नाव येते. घर उद्ध्वस्त झालेले असते, आणि पलीकडे पत्ते वाटणे चालूच राहते. नाटककाराने खेळाचे नाव घातले, समजावून सांगितले नाही. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला तो माहीत असणार, हे त्याने धरून चालले होते.

मी दुसऱ्यांदा गेलो ते 2006 मध्ये. दादाचे केस पिकले होते, पुतण्या कॉलेजात गेला होता. तळघरात हिरवे कापड तसेच होते. मात्र शुक्रवारी खाली उतरलो तर टेबलाभोवती पुतण्या आणि त्याचे मित्र. लोणच्याच्या बरण्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्यांची अॅल्युमिनियमची पेटी आली होती. दोघा-तिघांनी घरात, रात्रीच्या वेळी, काळे गॉगल लावले होते. खेळ पोकरच, पण स्टड नव्हे. त्याचे नाव टेक्सास होल्डेम.

यात प्रत्येकाला दोनच पाने मिळतात, तीही झाकलेली. मग टेबलाच्या मध्यभागी पाच पाने उघडी मांडतात. आधी एकदम तीन, मग एक, मग आणखी एक. ती पाच पाने सर्वांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच मिळून जो उत्तम संच होईल तो आपला. पॅक होणारा माणूस आपली दोन पाने न दाखवताच टाकून देतो. म्हणजे लक्षात ठेवायला काही उरतच नाही. जे उघड आहे ते शेवटपर्यंत टेबलाच्या मधोमध पडून असते.

"दादा, तुझी मंडळी कुठं गेली?" मी विचारले.

"पोस्टमन वारला. प्लंबर फ्लोरिडाला गेला. कंपनीतल्या दोघांना आता हेच खेळायचं असतं. टीव्हीवर बघतात ना."

बारा वर्षांत हे घडले कसे? बँकेत एखादे चांगले चालणारे खाते अचानक थकले की आम्ही मागे जाऊन नोंदी तपासत असू. तशाच या नोंदी पाहू.

होल्डेम हा मुळात टेक्सासचा प्रांतिक खेळ. लास वेगासला तो 1960 च्या दशकात पोचला. 1970 मध्ये बेनी बिनियन या कॅसिनोमालकाने आपल्या हॉर्सशू कॅसिनोत नामांकित खेळाडूंना बोलावून जागतिक पोकर स्पर्धेचा पाया घातला. बिनियन स्वतः टेक्सासचा. त्या वर्षी पोकरचे पाच प्रकार खेळले गेले, त्यांत सात पानी स्टड होता आणि त्याहून जुना पाच पानी स्टडही होता. विजेता मतदानाने ठरवला गेला, जॉनी मॉस. पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, पद्धत बदलली. सर्वांनी सारख्या पैशांनिशी बसायचे आणि एकाकडे सगळे जाईपर्यंत खेळायचे. त्या मुख्य डावासाठी एकच खेळ निवडला गेला, होल्डेम. स्टडच्या स्पर्धाही चालू राहिल्या, पण विश्वविजेता ही पदवी होल्डेमला चिकटली. तरीही पुढची वीस-पंचवीस वर्षे पूर्व किनाऱ्यावरच्या शुक्रवारांवर त्याचा फारसा परिणाम झाला नव्हता. 1994 चे दादाचे तळघर याला साक्षी आहे.

खरा फरक पडला तो कॅमेऱ्याने. पोकर टीव्हीवर दाखवण्याचे प्रयत्न जुने होते, पण पाहणाऱ्याला झाकलेली पाने दिसत नसल्याने ते सगळे प्रकरण चार गंभीर माणसे टेबलाकडे पाहत बसली आहेत, एवढेच दिसे. 1995 मध्ये हेन्री ओरेनस्टीन नावाच्या अमेरिकन गृहस्थाला एका पोकर टेबलाचे पेटंट मिळाले. खेळाडूंची झाकलेली पाने टेबलातल्याच कॅमेऱ्याने टिपून प्रेक्षकांना दाखवायची, ही त्यातली कल्पना. 1999 मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर टेबलात बसवलेल्या काचांखाली कॅमेरे ठेवून पोकरचा कार्यक्रम सुरू झाला. 2003 च्या मार्चपासून अमेरिकेत 'वर्ल्ड पोकर टूर' दिसू लागली. आता घरी सोफ्यावर बसलेल्याला खेळाडूंपेक्षा जास्त माहिती होती. कोण थापा मारतो आहे आणि कोण फसतो आहे, हे त्याला आधीच कळू लागले. नाटकात पडद्यामागे कोण लपले आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पात्राला नसते, त्यातली ही गंमत.

आणि त्याच वर्षी, 2003 मध्ये, टेनेसी राज्यातला एक सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस 86 डॉलर भरून इंटरनेटवरची पात्रता फेरी खेळला, तिथून लास वेगासला गेला आणि जागतिक स्पर्धेत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्याचे नाव ख्रिस मनीमेकर. हे त्याचे खरे आडनाव आहे. कादंबरीत मी असे आडनाव ठेवले असते तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत केले असते. त्या स्पर्धेत 839 जण होते. पुढच्या वर्षी 2,576 आले. मी दुसऱ्यांदा गेलो त्या 2006 साली 8,773. आणि 2024 मध्ये 10,112. प्रत्येक हिशेबनिसाला, आणि खरे सांगायचे तर माझ्यासारख्या प्रत्येक बँकवाल्याला, क्षणभर तरी वाटून गेले असेल की हे आपल्यालाही जमेल.

हे सगळे स्टडच्या बाबतीत का घडू शकले नाही? एक कागद घ्या आणि बेरीज करा. आठ खेळाडू बसले आणि प्रत्येकाची सात पाने पडद्यावर दाखवायची म्हटली तर झाली छप्पन्न. कॅटमध्येच बावन्न असतात. (सगळे शेवटपर्यंत टिकले आणि पाने संपली, तर शेवटचे पान सामाईक धरतात.) होल्डेममध्ये मधली पाच कायमची आणि प्रत्येकाची दोन. चहा आणायला आत गेलेला माणूसही परत येऊन एका नजरेत डाव समजून घेतो. शिवाय स्टडमध्ये चालीला बहुधा ठरावीक मर्यादा असते. टीव्हीवरच्या होल्डेममध्ये ती नसते. खेळाडू एका क्षणी पुढ्यातले सगळे मध्ये ढकलतो आणि उरलेली पाने उलगडेपर्यंत सर्वांचा श्वास अडकतो. कॅसिनोचाही यात फायदा आहे. होल्डेमच्या टेबलाला नऊ-दहा माणसे बसतात, स्टडला आठ. स्टडमध्ये प्रत्येकाला पुनःपुन्हा पान वाटत फिरावे लागते, त्यामुळे तासाभरात डाव कमी होतात. कॅसिनो प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. उलाढाल ज्यात जास्त, त्याला टेबल. मी मालक असतो तर मीही तेच केले असते.

सिनेमाकडे पाहिले तरी हा प्रवास स्पष्ट दिसतो. 1965 च्या 'द सिनसिनाटी किड' मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि एडवर्ड जी. रॉबिन्सन यांच्यातली शेवटची झुंज पाच पानी स्टडची आहे. 1998 च्या 'राउंडर्स' मध्ये न्यूयॉर्कची पोरे होल्डेम खेळतात. आणि जेम्स बाँड! इयान फ्लेमिंगच्या 1953 च्या 'कॅसिनो रोयाल' या कादंबरीत तो बॅकरा खेळतो. 2006 मध्ये तिचा चित्रपट आला तेव्हा त्याच्याही हातात होल्डेमची दोन पाने दिली गेली. खलनायक तोच, संकट तेच, खेळ तेवढा काळाप्रमाणे.

आता त्या पेटंटवाल्या ओरेनस्टीनबद्दल थोडे सांगायला हवे. हा माणूस 1923 मध्ये पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मला. त्याचे आई-वडील नाझींनी मारले. छळछावणीत एकदा शास्त्रज्ञ आणि गणितज्ञ असलेल्या कैद्यांची नावे मागवली गेली, तेव्हा त्याने स्वतःचे आणि भावंडांचे नाव बेधडक दिले. त्यांच्यातला कुणीही शास्त्रज्ञ नव्हता. त्या थापेने जीव वाचला. पुढे अमेरिकेत येऊन तो खेळण्यांचा मोठा संशोधक झाला. 'ट्रान्सफॉर्मर्स' ही खेळणी जपानमधून अमेरिकेच्या बाजारात आणण्यात त्याचा वाटा होता. 2021 मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तो वारला.

त्याने 1996 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जागतिक पोकर स्पर्धेतले एक विजेतेपदही मिळवले. कोणत्या खेळाचे? सात पानी स्टडचे. ज्याच्या कॅमेऱ्याच्या कल्पनेने होल्डेम घराघरांत नेला, तो स्वतः स्टडचा उस्ताद होता. त्याने स्टडचे वाईट व्हावे म्हणून काही केले नाही. पत्त्यांचा खेळ सर्वांना पाहता यावा, एवढीच त्याची इच्छा. आणि पाहता येण्याच्या परीक्षेत त्याचाच खेळ नापास झाला.

इथे कुणी म्हणेल, पेन्शनर माणूस जुन्याच्या नावाने गळा काढतो आहे. तो आक्षेप मी 2006 मध्येच ऐकला आहे. पुतण्या तेव्हा म्हणाला होता, "काका, तुमच्या खेळात नवीन आलेला नेहमी हरतो. म्हातारे लक्षात ठेवून बसतात आणि त्याला लुटतात. आमच्यात मधली पानं सगळ्यांना सारखीच दिसतात. बाकीचं डोकं चालवायचं."

त्याचे म्हणणे खोटे नाही. स्टडची टेबले ही मुरलेल्या माणसांची बैठक असे. नवख्याला तिथे शिकण्याची फी भरावी लागे. होल्डेमने दार उघडले. हिशेबनीस आत आला, विद्यार्थी आले, बायका आल्या. तो उथळ खेळही नाही. दोन झाकल्या पानांवरून समोरच्याचे मन वाचायचे, शक्यता मांडायच्या, हे सोपे काम नव्हे. आणि स्टडनेही कधी काळी हेच केले आहे. पाच पानी स्टडची सद्दी याच सात पानी स्टडने संपवली होती. तेव्हाच्या म्हाताऱ्यांनीही मान हलवली असेल. तेव्हा नवे आले आणि जुने गेले, एवढ्यावर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळी. खेळणाऱ्याला काय हवे आणि पाहणाऱ्याला काय हवे, हे दोन हिशेब आहेत. होल्डेमने पाहणाऱ्याचा हिशेब जिंकला आणि मग खेळणाऱ्यांनीही, आपल्याला कुणी पाहत नसताना, तळघरात, तोच खेळ उचलला. याचा नमुना 2006 च्याच जागतिक स्पर्धेत दिसला. अष्टपैलू खेळाडू कोण हे ठरवण्यासाठी त्या वर्षी 50 हजार डॉलर प्रवेश शुल्काची एक स्पर्धा सुरू झाली. पाच प्रकार आळीपाळीने खेळायचे, आणि त्यांतले तीन स्टडच्या घराण्यातले. स्पर्धा चिप रीसने जिंकली, ज्याने 1970 च्या दशकात डॉयल ब्रन्सनच्या गाजलेल्या पोकर ग्रंथात स्टडवरचे प्रकरण लिहिले होते. पण अंतिम टेबलावर टीव्हीचे कॅमेरे आले तेव्हा पाचही प्रकार बाजूला ठेवून फक्त होल्डेम खेळवला गेला. अष्टपैलूंची परीक्षा एकाच पैलूवर संपली, का, तर बाकीचे प्रकार प्रेक्षकांना कळले नसते.

मी कादंबऱ्या लिहितो. आपल्या भाषेत पत्त्याचेही पान आणि पुस्तकाचेही पान, हा योगायोग मला त्या तळघरात अनेकदा आठवला. चाळिसाव्या पानावर एक बाई दाराची कडी न लावता झोपायला जाते. त्याचे महत्त्व तीनशेव्या पानावर कळते. मधली दोनशे साठ पाने ती कडी वाचकाने डोक्यात ठेवायची असते. मी ती पुन्हा दाखवू शकतो, पण मग मजा गेली. जो वाचक उलटून गेलेली पाने धरून ठेवतो, त्याच्या जोरावर मी लिहितो. स्टड हा तसा वाचकांचा खेळ होता. तिथे जे दिसून गेले, त्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर होती. आपल्या हातात काय आहे याची किंमत दुसऱ्याच्या हातातून काय गेले यावर ठरते, हे तो खेळ प्रत्येक डावात शिकवत असे. संसारालाही हे शिक्षण उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

तिसऱ्यांदा मी 2023 मध्ये गेलो. दादा शहात्तर वर्षांचा. गुडघे धरलेले, तळघराच्या पायऱ्या एकेक करून उतरायचा. वहिनी म्हणाल्या, हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, औषध घेतले का ते आठवत नाही. शुक्रवार आला. गुजराती गृहस्थ आले, आता तेही निवृत्त. मी धरून तिघे. चौथी म्हणून पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी बसली. तिला आधी नियम सांगितले. दुसऱ्या डावाला ती दोन राजे हातात धरून हसू लपवत बसलेली दिसली.

दादा तिला इंग्रजीत म्हणाला, "राजे चांगले आहेत, बाळ. पण एक राजा काकाजींच्या पुढ्यातून गेला आणि एक माझ्याच पुढ्यातून गेला. आता तिसरा कुठून आणशील?"

तिने त्याच्याकडे अवाक होऊन पाहिले. तिचे झाकलेले राजे त्याने पाहिले नव्हते. तिचा चेहरा त्याने वाचला, आणि गेलेले राजे त्याला आठवत होते. सकाळचे औषध न आठवणाऱ्या माणसाला आठवत होते. यावरून मी कसलाही वैद्यकीय निष्कर्ष काढत नाही. तळघरात पाहिले तेवढे सांगतो. मुलीने पुढच्या डावापासून आपली पाने पाहणे सोडून आमची पाने पाहायला सुरुवात केली. तासाभराने तिने माझे तेहतीस सेंट काढून घेतले.

स्टड अगदी मेला आहे असे नाही. लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याची फेरी अजून दरवर्षी होते, काहीशे लोक येतात. पण पत्त्यांच्या खेळाला वारस लागतो, तो स्पर्धेत तयार होत नाही. तो घरात होतो.

आपल्याकडेही पोकर आला तो होल्डेमच्या रूपाने. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर तो चालतो. मोबाइलवरही धडाक्याने चालला होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. त्या बाजूबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की, कर्जाच्या अर्जावर 'घरगुती अडचण' असे लिहून नजर टाळणारे खातेदार मी पाहिलेले आहेत. तेव्हा पैसे लावा, असे मी कुणाला सांगणार नाही. दादाच्या अड्ड्यावर नाण्यांचा खणखणाट होता, पण नाण्यांसाठी कुणी आले नव्हते.

परत आल्यावर मी घरी चिंचोके जमवले. रविवारी दुपारी नातवंडे येतात तेव्हा प्रत्येकाला वीस-वीस वाटतो. तीन पत्ती ज्याला येते त्याला हा खेळ दहा मिनिटांत येतो. सुरुवातीच्या तीन पानांचे प्रकार दोन्हीकडे तेच, 22,100. त्यांत ट्रेल बावन्न, म्हणजे 425 डावांत एकदा. बाकी सगळे पुढच्या चार पानांवर आणि लक्ष देण्यावर. कॅमेरा नाही, गॉगल नाही, बघायला कुणी नाही. आजी सोडून सगळे खेळतात, आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडून सांगते की किलवरची राणी मघाशीच गेली.